बोरेलियाचं बिऱ्हाड



सकाळपासून तिघांनी विचारलं, "अमेरिकेत तू नेमकं करतेस तरी काय?" पाच मिनिटं मिळालीत, तेवढ्यात सांगते.

लाइम हे कनेक्टिकट राज्यातलं गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे सुजू लागले. आयांनी तक्रार लावून धरली म्हणून शोध सुरू झाला. १९८१ साली विली बुर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखे जीवाणू दिसले. तेच ते बोरेलिया बुर्गडॉर्फेरी.

बाईंनी फळ्यावर जीवाणूचं गुणसूत्र गोल काढलं होतं. याचं मात्र सरळ दोरीसारखं आहे. (बाई, तुमचं बरोबरच होतं, बहुतेकांचं गोलच असतं!) शिवाय सोबत प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे सुटे तुकडे. एका वाणाचा जनुकसंच वाचला, त्यात २१ प्लाझ्मिड निघाले, १२ सरळ आणि ९ गोल. एवढं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा जीवाणू विरळाच.

गंमत पुढेच आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्याला सगळं आयतं मिळतं. पिढ्यामागून पिढ्या वाढवला की काही प्लाझ्मिड गळून जातात. जीवाणू तरीही मजेत वाढतो, सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसत नाही. पण एलपी २५ नावाचा तुकडा गेला, की उंदराला टोचूनही संसर्ग होत नाही. त्यावरच्या एका जनुकापासून निकोटिनअमायडेझ हे विकर बनतं, आणि त्याच्याविना उंदराच्या शरीरात जीवाणूचा निभाव लागत नाही. संशोधकांनी तेवढं एकच जनुक परत घातलं, तर संसर्ग पुन्हा होऊ लागला.

आता घोळ बघा. एखादं जनुक काढून टाकलं, उंदराला टोचलं, संसर्ग झाला नाही. 'हेच जनुक रोगाला हवं' असं आपण छापून मोकळे. प्रत्यक्षात एलपी २५ केव्हाच गळालेला! लसवाले मग त्या जनुकामागे वर्षं घालवणार. म्हणून टोचण्याआधी प्रत्येक प्लाझ्मिड जागेवर आहे का, हे पीसीआर करून पाहावं लागतं. कोविडमुळे हा शब्द समजावत बसायला नको.

माझ्या एका विद्यार्थ्याचा निकाल असाच झकास आला होता. प्रबंधाची तारीख तोंडावर. त्यानं स्वतःहून पुन्हा तपासलं, एलपी २५ नाही. कुणाला कळलंही नसतं. आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवून त्यानं फ्रीझरमधला जुना साठा काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या महिन्यात नवे उंदीर टोचले. निकाल अजून यायचाय.