पुस्तक घरात आले पाहिजे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या समारंभात दरवर्षी निकालाची टक्केवारी सांगितली जाते, गुणवंतांचे कौतुक होते, आणि कोणीतरी वक्ता वाचनाचे महत्त्व सांगतो. आपल्या धर्मग्रंथाच्या अवतरणाचा आरंभच वाचनाच्या आज्ञेने झाला, हेही आपण दरवर्षी ऐकतो आणि माना डोलावतो. नंतर चहा होतो आणि आपण घरी जातो. त्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक किती जणांकडे असते? आज मला या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. मी साहित्यिक नाही. खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवणारा साधा शिक्षक आहे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता माझे चार शब्द ऐकून घ्यावेत, ही विनंती.

प्रथम एक आनंदाची वार्ता सांगतो. काहींनी ती वर्तमानपत्रात वाचली असेल. २० मे २०२५ रोजी लंडन येथे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक जाहीर झाले. ते कर्नाटकातील हासन येथील लेखिका बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहाला मिळाले. मूळ कथा कन्नड भाषेतल्या. दीपा भास्ती यांनी त्यांचा इंग्रजी अनुवाद केला. कन्नड पुस्तकाला हा मान प्रथमच मिळाला आणि कथासंग्रहालाही प्रथमच मिळाला. पारितोषिकाची रक्कम पन्नास हजार पौंड. ती लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते.

त्या पुस्तकात बारा कथा आहेत. १९९० ते २०२३ या काळात त्या लिहिल्या गेल्या. म्हणजे तेहतीस वर्षांची ही मेहनत आहे. कथांत राजेराण्या नाहीत. आपल्यासारखीच घरे आहेत. त्या घरांतल्या आया, मुली, सासुरवाशिणी, त्यांचे कष्ट आणि त्यांचे न बोललेले दुःख आहे. बानू मुश्ताक यांनी वकिली केली, पत्रकारिता केली आणि जे डोळ्यांसमोर दिसले ते लिहिले.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. या बाईंच्या घरची बोली दखनी उर्दू. त्या आठ वर्षांच्या असताना शिवमोग्गा येथील कन्नड माध्यमाच्या एका मिशनरी शाळेत त्यांना घालण्यात आले. शाळेने अट घातली की सहा महिन्यांत मुलीला कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे. मुलगी थोड्याच दिवसांत कन्नड लिहू लागली. ज्या भाषेच्या दारात तिला अटीवर उभे केले गेले, त्याच भाषेला तिने पुढे जगाचा सन्मान मिळवून दिला. घरची भाषा तिने टाकली नाही. राज्याची भाषाही तिने परकी मानली नाही.

आपल्याकडे मात्र या बाबतीत अजून गोंधळ आहे. पालकसभेत एक पालक म्हणतात, “सर, मराठी पास होण्यापुरती आली म्हणजे झाले.” दुसरे म्हणतात, “उर्दूने पोट भरत नाही.” तिसऱ्यांना दोन्ही नकोत, फक्त इंग्रजी हवी. या ओढाताणीत मुलाला कोणतीच भाषा धड येत नाही. तीन भाषांच्या पाट्या त्याला वाचता येतात, पण एकाही भाषेतले पुस्तक तो पुरे करीत नाही.

भाषेला धर्माची चिठ्ठी चिकटवणारे लोक सर्व बाजूंना आहेत. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दूत नाव लिहिले होते. त्यावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दू नाव कायम ठेवले आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा ही ती बोलणाऱ्या लोकांची असते, असा निर्वाळा दिला. हा निकाल आपल्याला गोड वाटला, वाटावाच. परंतु तोच न्याय मराठीलाही लावावा लागतो. उर्दू जर केवळ मुसलमानांची नव्हे, तर मराठीही केवळ दुसऱ्या कोणाची नव्हे. ती जितकी शेजाऱ्यांची तितकीच आपली आहे.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. श्रीगोंद्याचे संत कवी शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. शाहीर अमर शेख यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव घुमला. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुणे येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापूर येथे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. त्या अभिजात मंदिराच्या काही विटा आपल्या वाडवडिलांनीही रचलेल्या आहेत, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

एक गोष्ट लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. बानू मुश्ताक यांचा मार्ग फुलांचा नव्हता. स्त्रियांना मशिदीत नमाजाची मुभा असावी, असे त्यांनी मत मांडले तेव्हा इ. स. २००० मध्ये त्यांच्या कुटुंबावर तीन महिने बहिष्कार पडला. तो आपल्याच लोकांनी टाकला होता. पुढे २०२५ साली म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्‌घाटन त्यांच्या हस्ते करण्याचे ठरले, तेव्हा दुसऱ्या बाजूने हरकत घेण्यात आली. तीही न्यायालयापर्यंत गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. एकाच बाईला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागले. त्यांची सगळी मते येथे बसलेल्या सर्वांना पटतील असे मी म्हणत नाही. लेखकाशी भांडावे, जरूर भांडावे. पण त्याचे पुस्तक वाचून भांडावे, आणि उत्तर द्यायचे तर लेखणीने द्यावे. वाचल्याशिवाय केलेला विरोध आणि वाचल्याशिवाय केलेली स्तुती, दोन्हींची किंमत सारखीच.

आता पुस्तकांच्या बाजाराकडे वळू. कारण लिहिलेले पुस्तक विकले गेले नाही तर ते वाचकापर्यंत पोहोचत नाही. सध्या याविषयी दोन परस्परविरुद्ध गोष्टी कानावर येतात. एक पक्ष म्हणतो, वाचन संपले. तो मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे उदाहरण देतो. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहातल्या लहानशा जागेत ते सुरू केले आणि पुढे फोर्ट भागात वाढवले. सवलतीच्या दरात उत्तम पुस्तके देणारे ते दुकान, त्यासाठी शानभागांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते कायमचे बंद झाले. दुसरा पक्ष म्हणतो, वाचन वाढते आहे. महाबळेश्वरजवळचे भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले. डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पहिला पुणे पुस्तक महोत्सव भरला आणि तरुण मुलांची तेथे रीघ लागली.

मला वाटते, दोन्ही पक्ष खरे बोलतात, पण शहराविषयी बोलतात. तालुक्याच्या गावी काय आहे? आपल्या बाजारपेठेत ‘बुक डेपो’ अशी पाटी असलेली दुकाने आहेत. आत जाऊन पाहा. वह्या, गाईडे, अपेक्षित प्रश्नसंच, दप्तरे आणि पावसाळ्यात छत्र्या. कथा-कादंबरी मागितली तर दुकानदार हसून म्हणतो, “सर, ठेवली असती, पण घेणार कोण?” त्याला दोष कसा द्यावा? तो दुकान मांडून बसला आहे, धर्मादाय संस्था चालवीत नाही.

पुस्तकाचे अर्थकारण मुलांनी एकदा समजून घ्यावे. समजा, एका पुस्तकाची किंमत शंभर रुपये आहे. ढोबळ मानाने त्यातले तीस-चाळीस रुपये विक्रेते आणि वितरक यांच्याकडे जातात. लेखकाच्या वाट्याला दहाच्या आसपास येतात. उरलेल्यात कागद, छपाई, बांधणी, वाहतूक आणि प्रकाशकाचा खर्च. बऱ्याच मराठी पुस्तकांची पहिली आवृत्ती पाचशे ते हजार प्रतींचीच निघते. एवढ्या मोठ्या राज्यात हजार प्रती! आणि त्या खपायलाही कधीकधी वर्षे लागतात.

त्यातच चोरट्या प्रतींचा सुळसुळाट. शहरातल्या पदपथावर गाजलेले पुस्तक निम्म्याहून कमी किमतीत मिळते. कागद पातळ, छपाई पुसट, मधली पाने गायब. अलीकडे तर तेवढाही खर्च नको. मोबाईलवर अख्खे पुस्तक फुकट फिरते. पाठवणारा म्हणतो, “ज्ञानदान केले.” मित्रांनो, दुसऱ्याच्या झाडाचे आंबे वाटून दानाचे पुण्य मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचे भय बाजूला ठेवा. हलालच्या कमाईविषयी आपण इतके जपतो, मग ज्याने वर्षानुवर्षे जागून पुस्तक लिहिले त्याचे दहा रुपये बुडवणे कशात बसते, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. परवडत नसेल तर ग्रंथालय आहे, जुन्या पुस्तकांचे दुकान आहे, मित्राकडून उसने घेणे आहे. हे सगळे मार्ग सरळ आहेत.

इतका वेळ मी दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता माझा सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत ग्रंथालयाचे काम माझ्याकडे होते. ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्याला करावी लागेल, ही मला धास्ती. म्हणून किल्ली मी खिशात ठेवीत असे. वर्षअखेर तपासणीला सगळी पुस्तके बरोबर भरत आणि मला शाबासकी मिळे. नववीतली एक मुलगी दोन-तीनदा माझ्याकडे आली. काचेतून तिला एक कथासंग्रह दिसला होता. मी म्हणालो, “परीक्षा होऊ दे, मग देतो.” परीक्षा झाली, सुट्टी लागली, दहावीचे वर्ष आले. मी पुन्हा तेच सांगितले. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले. पुढे एके दिवशी कपाट आवरताना ते पुस्तक हातात आले. मागच्या पानावरील तारखांचा कागद कोरा होता. एकही शिक्का नव्हता. ते पुस्तक वाचून ती मोठी लेखिका झाली असती, असा दावा मी करीत नाही. पण एका मुलीने पुस्तक मागितले आणि तिच्या शिक्षकाने ते दिले नाही, एवढे खरे. माझी नोंदवही चोख राहिली आणि मुलगी रिकाम्या हाताने गेली.

तेव्हापासून मी कपाटाला कुलूप लावीत नाही. देवघेवीची वही मुलेच लिहितात. दरवर्षी काही पुस्तके हरवतात, काहींची पाने सुटतात. हरवलेले पुस्तक कोणाच्या तरी घरी असते. कपाटातले पुस्तक मात्र कोणाच्याच घरी नसते, हे मी उशिरा शिकलो.

पालकांना माझी विनंती मोठी नाही. लग्नकार्यात आपण मंडपावर आणि जेवणावळीवर किती खर्च करतो, ते मी सांगायला नको. त्यातला हजारावा हिस्सा पुस्तकांसाठी काढा. ईदीच्या पाकिटाबरोबर मुलाच्या हातात एक पुस्तक द्या. आखातातून येणारे भाऊ, चाचा, मामू अत्तर आणि चॉकलेट आणतात. त्यांनी मुंबईत उतरल्यावर पुस्तकांच्या दुकानातही एकदा डोकावावे. मुलगा उर्दू वाचो, मराठी वाचो, इंग्रजी वाचो, जे आवडेल ते वाचो. आणि मुलगी वाचत बसली असेल तर तिला लगेच भांड्यांसाठी हाक मारू नका. वर्षाकाठी शंभर घरांनी चार-चार पुस्तके घेतली, तर आपला बुक डेपोवाला छत्र्यांच्या शेजारी कादंबऱ्याही ठेवील. तो गिऱ्हाईक ओळखतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. वाचा आणि लिहायला लागा. आपल्या नानीला लग्नातली जुनी गाणी येतात, ती वहीत उतरवा. खाडीवर जाळे टाकणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, वडील परदेशी असलेल्या घरात आई सगळे कसे निभावते, हे लिहा. मराठी पुस्तकांत आपली घरे फारशी दिसत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. ती रास्त आहे. पण आपली घरे आपण लिहिणार नाही आणि लिहिलेले विकत घेणार नाही, तर दुसऱ्याने ती का लिहावीत? हासनच्या त्या बाईंनी तक्रार करीत न बसता तेहतीस वर्षे कथा लिहिल्या.

आज बक्षीस म्हणून ज्यांना पुस्तके मिळाली त्यांनी ती शोकेसमध्ये ठेवू नयेत. आज रात्रीच उघडावीत, वाचून झाल्यावर शेजारच्या मुलाला द्यावीत. आणि पुढच्या वर्षी या मंचावर कोणी वाचनाचे महत्त्व सांगू लागला, तर आपल्यापैकी निम्म्या लोकांना म्हणता यावे, “साहेब, हे आम्हाला ठाऊक आहे, कोणते पुस्तक वाचले ते विचारा.” तो दिवस अल्लाह लवकर दाखवो.