टांगा कुणी हाकला?

(जळगावात शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. दिवसा गोदीत ओझी वाहतो, रात्री कविता लिहितो. इतिहास शिकवायचा कसा, यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत, अन् समोर बी.एड. झालेली माणसं बसलीत. तेव्हा मला जे ठाऊक आहे तिथूनच सुरू करतो. मला कागद ठाऊक आहे.

गोदीत माल दोन जागी असतो. एक शेडमध्ये, एक कागदावर. एकदा आमच्या टोळीनं चारशे पोती उतरवली. टॅलीच्या कागदावर चढली तीनशे ब्याण्णव. मजुरी तीनशे ब्याण्णवची मिळाली. मुकादम म्हणाला, कागद बोलतो ते खरं. त्या दिवसापासून कुठलाही कागद हातात आला की मी आधी बघतो, लिहिला कुणी? सही कुणाची? माल उतरत असताना लिहिला की चहा पिऊन आल्यावर आठवून लिहिला? आणि आठ पोती कुणाच्या पोटात गेली? शिकलेले लोक याला साधनांची चिकित्सा म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. आम्ही त्याला हिशेब म्हणतो.

आज सातवीच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा आहे. साधनांचे प्रकार तीन. भौतिक, लिखित, मौखिक. पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क घेतात. मीही शाळेत असले प्रकार पाठ केले, पण एक साधन कधी कुणी हातात दिलं नाही. हे म्हंजे भाकरीचे प्रकार सांगा, ज्वारीची, बाजरीची, कळण्याची, असं उपाशी पोराला विचारण्यासारखं झालं.

म्हणून मी आज एकच कागद घेऊन आलोय. तो तुमच्याच जिल्ह्याचा आहे.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ म्हणून काही हकिकती इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. पुस्तिका १९९० साली निघाली, मग सरकारनं काढलेल्या त्यांच्या ग्रंथांच्या १२ व्या खंडात त्या आल्या. अमेरिकेत, बाबासाहेब जिथं शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात, फ्रान्सेस प्रिचेट नावाच्या प्राध्यापिकेनं हा मजकूर वर्गात वापरता येईल असा तयार करून ठेवला. न्यूयॉर्कच्या पोरांपुढं तो आहे. त्यातली एक हकीकत चाळीसगावची. मी खानदेशचा, पण मला ती कळली गोदीतल्या एका दोस्ताच्या झेरॉक्समधून, वयाच्या एकविसाव्या वर्षी.

हकीकत थोडक्यात अशी. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती. स्टार्ट समिती म्हणतात ती. बाबासाहेब तिचे सभासद, वाट्याला खानदेश. काम आटोपून मुंबईला निघाले, ते चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात स्पृश्यांनी आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता, तो बघायचा होता. बघून परत चाळीसगावला आले तर आपली माणसं हार घेऊन स्टेशनवर उभी. रात्री आमच्याकडेच राहा, असं त्यांनी आधीच कबूल करून घेतलेलं. पण स्टेशनवरून हालचालच होईना. तासाभरानं टांगा आला. बाकीचे आडवाटेनं पायी गेले. टांगा दोनशे पावलं गेला नाही तोच मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढं नदीवरच्या बिनकठड्याच्या फरशीवर वळताना चाक कडेच्या दगडावर बसलं. बाबासाहेब उडून फरशीवर आपटले, बेशुद्ध. घोडा आणि टांगा नदीत. पाय मोडला.

नंतर कारण कळलं. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. आपल्या माणसांना बाबासाहेबांना पायी न्यायची लाज वाटत होती. मग तोड निघाली. टांगेवाल्यानं टांगा भाड्यानं द्यायचा, हाकायचा आपल्यातल्या कुणीतरी. ज्यानं लगाम धरला त्याला टांगा हाकता येत नव्हता.

आता हा कागद आठवीच्या वर्गात ठेवा, आणि तुम्ही गप्प बसा. मास्तरनं गप्प बसणं फार अवघड असतं, पण बसा. पोरं विचारतील. टांगेवाल्याला भाड्याचे पैसे चालले, माणूस का नाही चालला? मजुरी करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न झोपू देत नाही. तोही दिवसभर घोड्यामागं राबणारा, हातावर पोट असलेला. बॅरिस्टरपेक्षा आपण वर, एवढीच त्याची इस्टेट. बाबासाहेबांनी हे बरोबर पकडलंय.

एखादी पोरगी म्हणेल, कागदात अंतर दोन मैल दिलंय आणि चालत जाण्यासारखंही म्हटलंय, मग खरं काय? तिला शाबासकी द्या आणि मोजायला पाठवा. नदीचं नाव कागदात नाही. तारीखही नाही, नुसतं साल आहे. २३ ऑक्टोबर ही तारीख चरित्रांतून मिळते. का नसेल लिहिली? आठवणीतून लिहिलं की त्याच दिवशी? स्टार्ट समितीचा अहवाल १९३० साली सरकारला गेला. तो सरकारी कागद आणि हा घरचा कागद शेजारी शेजारी ठेवा. एकच माणूस दोन्हीकडे आहे. कुठं काय बोलता येतं, हे पोरांना आपोआप दिसेल.

आता जरा कडू बोलतो. आपल्यातलाच एक कार्यकर्ता मला म्हणाला, टांगेवाल्याचा भाग शिकवा, शेवटचा गाळा. कारण शेवटी बाबासाहेब आपल्याच माणसांना सोडत नाहीत. माझा मान राखायच्या नादात तुम्ही माझा जीव धोक्यात घातला, असा त्यांचा रोख आहे. कार्यकर्त्याचं म्हणणं, हे विरोधकांच्या हातात कोलीत होईल.

मी म्हणतो, गाळाल तर तुमच्यात आणि त्या टॅलीवाल्यात फरक काय? त्यानं आठ पोती गाळली, तुम्ही आठ ओळी गाळणार. प्रस्थापितांनी आपल्याला इतिहासातून गाळलं म्हणून आपण ओरडतो, आणि हातात कात्री आली की आपणही कापणार? ज्यानं लगाम धरला त्या माणसाचं नाव कागदात नाही. मला तो सारखा दिसतो. त्यानं प्रेमानं लगाम धरला, भीतीनं हात कापले असतील. ओळी गाळल्या तर तो माणूस दुसऱ्यांदा नदीत जाईल.

अन् बाबासाहेबांनी स्वतः काय केलं बघा. त्याच लेखात पुढं काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. बाळंतीण बायको आजारी, डॉक्टर हात लावायला तयार नाही, बायको मेली. ही त्यांनी आपल्या शब्दांत नाही सांगितली. गांधींच्या ‘यंग इंडिया’त १९२९ च्या डिसेंबरात त्या शिक्षकाचं पत्र छापलं होतं, तेच पुढं ठेवलं. मढ्याच्या घरच्या माणसालाच बोलू दिलं.

धुळ्याचं थोडं बोलतो. राजवाडे धुळ्यातच वारले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, दफ्तरं सांभाळली गेली. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यावाड्यातून रुमाल सोडवले, साधनांचे २२ खंड काढले. त्या मेहनतीपुढं मी टोपी काढतो. पण रुमाल ज्याच्या माडीवर त्याचाच इतिहास. महारवाड्यात माडी नव्हती. त्याच धुळ्याजवळ, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, बाबासाहेब १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी आले तेव्हा राहिले. दर ३१ जुलैला तिथं लोक लोटतात. हे मौखिक साधन चालत आपल्या दारात आलेलं आहे. पण किती वर्गांनी म्हाताऱ्यांना विचारून लिहून घेतलं? त्या खटल्याचा कागद किती पोरांनी शोधला?

आणि आपल्या घरात? आजी म्हणायची, कागद काय पोट भरस का रे? पण पत्र्याच्या पेटीत आजोबाचा शाळेचा दाखला तिनंच जपला होता. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तेव्हा तो कागद बाहेर आला. म्हंजे बघा, आपली सगळी वस्ती कधीचीच इतिहास संशोधन करतेय, पडताळणीच्या रांगेत उभी राहून. फक्त तिला कुणी पदवी देत नाही.

इथं शिक्षकांना एक हात जोडून सांगायचंय. मी शाळेत असताना दरवर्षी गुरुजी म्हणायचे, सवलतीवाले उभे राहा. आम्ही उभे राहायचो, बाकीचे बघायचे. घरचे दाखले वर्गात मागवून तुम्ही तेच पुन्हा करू नका. कागद पोराचा आहे. दाखवायचा की नाही हे त्याला ठरवू द्या. सुरुवात चाळीसगावच्या कागदानं करा, तो सगळ्यांचा आहे. आणि पाटलाच्या पोरालाही सांगा, तुझ्या घरचाही कागद आण, त्यात बलुत्याचा हिशेब असेल, तो आम्हाला वाचायचाय. मूळ कागद मात्र आणू नका. झेरॉक्स आणा.

चाळीसगाव-धुळे गाडी अजून धावते. स्टेशनवर उतरून नदीपर्यंत पोरांना पायी न्या, पावलं मोजा. मला रजा बिजा नसते, आज खाडा करून आलोय, उद्या पाळीवर जायचंय. पण कुणी वर्ग घेऊन निघणार असेल तर कळवा. अजून एक खाडा करीन.