अडकलेले शीड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात कुणी लोणच्यावर बोलते, कुणी भरतकामावर. मी आज बोलणार आहे समुद्रातल्या होडीच्या शिडावर. हसू नका! मी सातवी शिकलेली, धुळ्याची. पांझरेला पूर आला की लांबूनच हात जोडणारी. पण गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाकडे न्यूझीलंडात ऑकलंडला महिनाभर राहून आले. तिथे जे पाहिले ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

ऑकलंडच्या बंदरात शिडाच्या होड्यांची एवढी दाटी की त्या गावाला शिडांचे शहरच म्हणतात. दादानेही एक जुनी होडी घेतली आहे. तिचे मोठे शीड मोठे गमतीचे. माझे माहेर चोपड्याकडचे, केळीच्या बागांतले. केळीच्या खोडातून नवे पान घट्ट सुरळी होऊन येते नि मग उलगडते, तसे हे शीड. डोलकाठी आतून पोकळ असते. तिच्या पोटात एक उभा दांडा फिरतो, त्यावर शीड गुंडाळलेले. डोलकाठीला मागून वरपासून खालपर्यंत चीर असते. एक दोर ओढला की शीड त्या चिरेतून बाहेर येते. दुसरा ओढला की दांडा फिरतो आणि शीड आत जाते. केळीचे पान एकदा उलगडले की संपले. हे शीड मात्र पुन्हा सुरळीत गेले पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच.

एका रविवारी दादा, वहिनी आणि मी रांगिटोटो बेटाच्या बाजूला गेलो होतो. परतताना आभाळ भरून आले, वारा वाढला. वारा वाढला की शीड कमी करावे लागते, नाहीतर होडी कलू लागते. दादाने घाईघाईने बाहेरचा दोर एकदम सोडून दिला आणि आतला ओढू लागला. शीड निम्मे आत गेले आणि अडकले. ना आत जाईना, ना बाहेर येईना.

दोर ओढायला तिथे लहानसा रहाट असतो, त्याला विंच म्हणतात. दादाने दोर त्यावर घातला आणि जोर लावला. शीड अधिकच रुतले. होडी एका अंगावर झुकली, शीड फडफडू लागले. मी देवाचे नाव घेत कठडा धरून बसले. तेवढ्यात दादा म्हणाला, "मी वर चढून सोडवतो." लाटांत होडी जेवढी हलते त्याच्या कितीतरी पट डोलकाठीचा शेंडा हलतो. वहिनी एरवी शांत बाई. ती म्हणाली, "मुळीच चढायचं नाही. घरी दोन मुलं आहेत. आधी जोर लावणं थांबवा."

तिने इंजिन लावले आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवले. त्याबरोबर शिडातला वारा निघून गेला. बाहेरचा दोर माझ्या हातात देऊन दादा म्हणाला, "बेबी, हा अगदी सैल सोडू नकोस आणि ओढूही नकोस. नुसता ताणून धर." मग त्याने आतला दोर ढिला केला. शीड वीतभर बाहेर, वीतभर आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पाच-सहा खेपांनंतर चिरेत दुमडून बसलेली चुणी सुटली. चुणी दिसेनाशी होईपर्यंत शीड बाहेर काढले, आणि मग सावकाश, ताण ठेवून सगळे आत घेतले. माझे हात सोलले होते, पण ते मला किनाऱ्यावर आल्यावर कळले.

संध्याकाळी दादाने कारण सांगितले. आपण वळकटी सैल बांधली तर ती जाडजूड होते आणि होल्डॉलमध्ये मावत नाही. तसेच हे. दोर एकदम सोडला, शीड सैल गुंडाळले गेले, डोलकाठीच्या पोटात मावेना. वरून जोर लावला तशी चुणी पाचरीसारखी बसली. जुने, ताणून पोट सुटलेले शीड लवकर अडकते. आणि अर्धे आत असलेले शीड खालीही उतरवता येत नाही. ते पुरते बाहेर आले तरच उतरते. म्हणून वारा वाढायच्या आधीच आवरावे. वर चढायचे तर धक्क्याला लागल्यावर, पाणी शांत असताना.

बायकांना यातले काय कळते, असे कुणी म्हणेल. वहिनीने मला 'तारिणी'ची हकिकत सांगितली. आपल्या नौदलातील सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून या शिडाच्या नौकेतून निघाल्या, न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरातही थांबल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परतल्या. वाटेत सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा ठरलेले नसतानाही मॉरिशसला थांबून ती दुरुस्त केली. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच त्याच नौकेतून प्रदक्षिणा केली.

माझी आई दोऱ्याचा गुंता सोडवताना म्हणायची, "जोर नको करू, गाठ बसी जाई." तेच मला सातासमुद्रापलीकडे पुन्हा शिकायला मिळाले.

मैत्रिणींनो, मी तिकडे गेले तेव्हा घरी माझे नि मुलीचे बोलणे बंद होते. तिला शिकायला जळगावला राहायचे होते, मी नाही म्हणत होते. ती जेवढी हट्ट करी, तेवढी मी ओढून धरी. परत आल्यावर पहिल्या दिवशी मी तो विषयच काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिला एवढेच विचारले, "तिथे राहशील कुठे, जेवशील काय?" ती बोलू लागली. मीही थोडी सैल झाले. यंदा ती जळगावला आहे, दर रविवारी फोन करते. काळजी मिटली असे नाही. दोर हातात आहे, पण आता मी तो नुसता ताणून धरते, ओढत नाही.