सोलापूरचा पाषाण आणि वेस्टा

सोलापूर परिसरात विहीर खणली की काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. याच जातीचा खडक वेस्टा या लघुग्रहावर आहे. तो मात्र साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा.

जुलै २०११मध्ये नासाचे ‘डॉन’ यान वेस्टाभोवती फिरू लागले. त्याच्या जर्मन बनावटीच्या कॅमेऱ्याला सात रंगांच्या गाळण्या होत्या. बेसाल्टमधले पायरॉक्सिन हे खनिज अवरक्त प्रकाशाचा ठरावीक भाग शोषते. त्या भागाच्या गाळणीतून जमीन अंधारी दिसली, की खनिजाची ओळख पटते. एकाच जागेची निरनिराळ्या कोनांतली छायाचित्रे जुळवून डोंगरांची उंचीही काढली. २१० किलोमीटरवरून टिपलेल्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण वीस मीटर!

सगळ्यात थक्क करते ते दक्षिण ध्रुवाजवळचे ऱ्हियासिल्व्हिया विवर. रुंदी सुमारे ५०० किलोमीटर, जवळपास वेस्टाच्या व्यासाएवढी. आपले लोणारचे विवर, तेही बेसाल्टमधलेच, १.८ किलोमीटरचे. वेस्टावर अशी विवरे पाडणाऱ्या धडकांतून उडालेले तुकडे अजूनही पृथ्वीवर येतात. १९९४मध्ये राजस्थानात लोहावट येथे पडलेला अशनी याच कुळातला मानतात.