दाराबाहेरचा पंखा

हातातली कामं चालू ठेवा, आम्ही बोलतो, तुम्ही ऐका. आज विषय थोडा वेगळा आहे. बोलताना आपला आवाज कुठवर जातो, याच्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या बचत गटांचं कार्यालय नागपुरात सदरला, रेसिडेन्सी रोडच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर आहे. मूळची एकच खोली. मधे प्लायवूड लावून तिच्या दोन केल्या. आत आम्ही एकेकीशी बोलतो, बाहेर बाकावर पासबुकं घेऊन पाचसहा जणी बसलेल्या असतात. गावाकडून सकाळच्या एसटीनं आलेल्या, बहुतेक एकमेकींच्या ओळखीच्या.

मागच्या जानेवारीत एक ताई आली. डबे पुरवणाऱ्या एका छोट्या स्वयंपाकघरात ती कामाला होती, चौघीच जणी तिथं. मालकाचा माणूस तिला कसा त्रास देतो, काय बोलतो, कुठं हात लावतो, सगळं तिनं रडत सांगितलं. आम्ही दार लावलं होतं. आम्हाला वाटलं, दार लावलं म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, मायी गोष्ट मायाआधी गावात पोहोचली." त्यानंतर ती आलीच नाही.

आधी आम्ही एकमेकींवरच संशय घेतला. कोण बोललं, कुणी सांगितलं, दोन दिवस चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो. मग हिशेब लिहिणारी आमची मैत्रीण म्हणाली, "काहून भांडता वो? मला तर इथं बसून आतलं सगळं ऐकू येते. उन्हाळ्यात नाही येत."

उन्हाळ्यात का नाही? कारण उन्हाळ्यात कूलर असतो! नागपूरच्या बायांना कूलर काय सांगायचा. मार्च लागला की नवा वाळा भरायचा, पंप बघायचा. बाहेरच्या खिडकीतला आमचा कूलर दिवसभर घरघरत असे आणि त्या घरघरीत आतले शब्द बुडून जात. थंडीत तो बंद झाला की प्लायवूडच्या वरून प्रत्येक शब्द बाहेर.

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत हेच मुद्दाम करतात. छतात छोटे स्पीकर बसवून वाऱ्यासारखा एकसारखा, मंद आवाज सोडतात. त्याला साउंड मास्किंग म्हणतात, म्हणजे आवाजावर आवाजाचं पांघरूण. आपलं बोलणं एका हातावरून मोजलं तर साधारण ६० डेसिबल भरतं. हे पांघरूण साधारण ४० ते ४८ डेसिबलचं ठेवतात. दूरच्या माणसाला कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

कुणी म्हणेल, सदरला आवाजाला काय तोटा? खाली रस्ता आहे, वर उड्डाणपूल आहे. पण रस्त्याचा आवाज चढतो-उतरतो. सिग्नल लाल झाला की क्षणभर शांत होतं, आणि नेमकं तेवढ्यात आतलं वाक्य बाहेर पडतं. रेडिओ लावूनही पाहिला (आपला कार्यक्रम लाडका असला तरी सांगते, या कामाला तो चालत नाही). गाण्यात आणि बोलण्यात शब्द असतात, मधे थांबे असतात. पांघरूण बिनशब्दांचं आणि अखंड हवं.

म्हणून पहिल्यांदा आम्ही फट बुजवली. प्लायवूड छतापर्यंत नेलं, दाराखाली रबराची पट्टी लावली. भिंतीला दोन जुन्या गोधड्या टांगल्या; त्यानं आतला घुमारा कमी झाला, पण बाहेर जाणारा आवाज गोधडी फारसा अडवत नाही, तिथं फटच बुजवावी लागते. मग एक जुना टेबलफॅन घेतला. आधी तो आत ठेवला, ती आमची चूक. आतली बाई पंख्यावर आवाज चढवून बोलायला लागली. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. मग पंखा दाराबाहेर, बाकाजवळ ठेवला. ऐकणाऱ्याच्या कानाशी. थंडीत कुणाला वारा लागू नये म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे.

तपासायची रीत सोपी आहे. एकीनं आत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायचं, दुसरीनं बाकावर बसून जेवढे शब्द कळतील तेवढे लिहायचे. पहिल्या दिवशी पूर्ण बातमी लिहून झाली होती. पट्टी आणि पंख्यानंतर कागदावर "नगरपालिका" आणि "रुपये" एवढेच शब्द होते. वीज गेली की पंखा थांबतो, तेव्हा बोलणंही थांबवायचं, हा आता आमचा नियम आहे.

पण जिथं शिलाई मशिनी किंवा गिरणी आधीच कान फोडते, तिथं आणखी आवाज घालू नका. तिथं मशीनखाली रबर घाला, तेलपाणी करा, बोलायला दुसरी जागा शोधा.

आणि पंखा हे काही तक्रारीचं उत्तर नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तिथल्या बाईला, घरकाम करणाऱ्या बाईलासुद्धा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. तक्रारीतला मजकूर आणि बाईची ओळख जाहीर करायला त्याच कायद्याच्या कलम १६ नं मनाई आहे. कायद्यानं एवढी काळजी घेतली, आणि आमच्याकडे दीड फुटाची फट उघडी होती.

पंखा लावल्यापासून दोघीजणी स्वतःहून आत येऊन बोलल्या. ती ताई अजून आलेली नाही. तिला आम्ही फोन केला, उचलला नाही. निरोपही कुणाबरोबर धाडता येत नाही, पुन्हा तेच होईल. म्हणून आज नाव न घेता इथून बोलतोय. ताई, ऐकत असशील तर ये. आम्ही चुकलो. आता फट बुजवली आहे.