बिडी सुटते, सोडवता येते



"डॉक्टर, सिगारेटला हात लावत नाही मी. आपली साधी बिडी." खोकत खोकत असं सांगणारे कितीतरी जण भेटतात. झाडाच्या पानात वळलेली म्हणून बिडी सौम्य, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. बिडीत तंबाखू कमी भरतात, हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. झुरका घ्यायला जरा उशीर झाला की बिडी विझते. म्हणून माणूस भराभर आणि खोल ओढत राहतो. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, कित्येकदा जास्तच, छातीत जातात. फुफ्फुसाचा कॅन्सर, हृदयविकार, दमा लागल्यासारखी धाप, क्षय. बिडीवाल्याला यातलं काहीच माफ नाही.

"आता एकावर आणलीय," असंही ऐकतो. रोज वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोजच्या एका सिगारेटीनंही राहतो. कमी करणं ही पायरी असू द्या, मुक्काम नको.

सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांनी तेवढे दिवस टोमणे मारू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. तलफ येते ती बहुधा काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, जागेवरून उठा. चहाबरोबर बिडी लागत असेल, तर काही दिवस टपरीवरचा चहा सोडून घरीच घ्या. "सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खोटी नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं. पण ती अडचण काही आठवड्यांत सरते. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि चालणं यांनी आराम पडतो.

औषधाच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगगम मिळतं. ते नेहमीच्या गमासारखं चघळत राहिलं तर उचक्या लागतात, छातीत जळजळतं, आणि लोक वैतागून फेकून देतात. हळू चावा, तोंडात चरचरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असं चालू द्या. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयरुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. तलफ मारणाऱ्या गोळ्याही आहेत, त्याही डॉक्टरांच्याच सल्ल्यानं.

"साठी आली, आता सोडून काय होणार?" रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या आरोग्याची पन्नास वर्षं नोंद ठेवली. साठीत सोडणाऱ्यांना सरासरी 3 वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना 6, चाळिशीत सोडणाऱ्यांना 9. एकदा सोडून पुन्हा लागली असेल, तरी परत सोडा. बहुतेकांची पहिल्याच झटक्यात सुटत नाही.

सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, तिथले समुपदेशक मराठीतूनही बोलतात. क्रमांक पाकिटावर छापलेलाच असतो: 1800-11-2356.