शेजारची झोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूलमूल सांभाळणारी बाई. भाषणाचा सराव नाही, तरी चार शब्द गोड मानून घ्यावेत. चाळीतल्या एखाद्या अडचणीवर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, म्हणून झोपेविषयी बोलते.

आपली चाळ गिरणगावातली. दहा बाय बाराची खोली, मधे फळ्यांची भिंत, बाहेर सर्वांची एकच गॅलरी. गिरण्या होत्या तेव्हा तीन पाळ्या चालत. भोंगा झाला की कोण कामावर निघाले, कोण परतले, हे साऱ्या चाळीला कळे. रात्रपाळीचा माणूस सकाळी झोपला असला, की सासूबाई पोरांना खाली पिटाळीत आणि कुटणेकांडणे दुपारवर ठेवीत. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगे थांबले, पण रात्रपाळी काही थांबली नाही. आज कोणी पहारेकरी आहे, कोणी विमानतळावर, कोणी इस्पितळात. ज्याची त्याची वेळ निराळी. त्यामुळे भिंतीपलीकडे कोण झोपले आहे, हे शेजारणीलाही ठाऊक नसते.

माझी मुलगी नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी नऊला आडवी होते. नेमके तेव्हाच मिक्सर, कुकरच्या शिट्या आणि मोरीतली धुणी सुरू होतात. दोन तासांत तीनदा दचकून उठते. रात्री तिला औषध मोजून द्यायचे असते, सुई टोचायची असते. तिची झोप मोडली तर त्याची झळ कोणा परक्याच्या आजारी मुलाला लागेल, ही मला धास्ती.

डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. पंख्याची एकसारखी घरघर अंगवळणी पडते. मधेच पडलेले भांडे मात्र उठवते. शिवाय दिवसाची झोप उजेडामुळे आधीच हलकी.

आपल्या बायकांच्या झोपेचे तर विचारूच नका. भांडी आवरेपर्यंत रात्रीचे अकरा, आणि पहाटे पाण्यासाठी उठायचे. रिकाम्या पिंपात नळाची धार पडली की सारा मजला जागा होतो. यावर सोपा उपाय आहे. नळाला जुने फडके बांधून त्याचे टोक पिंपाच्या तळाशी सोडावे. पाणी गुपचूप उतरते. खलबत्त्याखाली गोणपाटाची घडी घालावी. टेबलखुर्चीच्या पायांना रबरी टोपणे लावावीत. मोबाईलवरची गाणी ज्याची त्याने कानात घालून ऐकावीत. याला खर्च असा काही नाही.

कोणी म्हणेल, "शांतता हवी तर बंगल्यात राहा." भगिनींनो, चाळीत आवाज असायचाच. रात्री-अपरात्री दुखले-खुपले तर आपली हाक ऐकू जाते ती याच फळ्यांतून. तो शेजार मला हवाच आहे. शेजार म्हटला की एकमेकींची झोपही सांभाळायला हवी.

आता ध्वनिक्षेपकाविषयी. सन २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो लावता येत नाही. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देते, ते वेगळे. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण आपल्याच हळदीकुंकवाचा आणि भोंडल्याचा कर्णा साडेदहापर्यंत वाजला, तर दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी एक पाटी टांगावी, आणि ज्या घरी रात्रपाळी असेल त्यांनी खोलीचा नंबर व झोपेची वेळ खडूने लिहावी. दुसरी, मंडळाचा कोणताही कार्यक्रम असो, सवलतीचा दिवस असला तरी, कर्णा दहाच्या ठोक्याला बंद व्हावा. त्याची सुरुवात आजच्या कार्यक्रमापासून करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.